चक्रीवादळ आणि अंतर्भागातील नगर : कोल्हापूरच्या राजारामपुरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

कोल्हापुरात पावसाळ्याने जोर धरला की माणसे भेटल्यावर एकमेकांना दोन प्रश्न विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फुटांवर आहे, आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले? बंधाऱ्यावरील ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी, हे दोन आकडे येथील शाळकरी मुलांनाही पाठ असतात. शहराची संकटाविषयीची समज या एका मोजपट्टीभोवती घडली आहे, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये.

शहराच्या आग्नेय बाजूस उंचवट्यावर वसलेली राजारामपुरी या मोजपट्टीच्या बाहेर आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेची पातळी ५५ फुटांच्या वर गेली, जुलै २०२१ मध्ये ती ५६ फुटांच्याही वर गेली. दोन्ही वेळी शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, रमणमळा आणि व्हीनस कॉर्नरचा परिसर पाण्याखाली गेला. राजारामपुरीच्या मुख्य रस्त्यावर मात्र नदी आली नाही. आपला भाग सुरक्षित आहे, आपण मदत करावयाची, मदत मागण्याची वेळ आपल्यावर येणार नाही, अशी धारणा तेथील नागरिकांत रुजली असल्यास त्यात नवल नाही.

प्रस्तुत लेखात या धारणेची तपासणी चक्रीवादळाच्या निमित्ताने करण्याचा प्रयत्न केला आहे. चक्रीवादळ हे किनाऱ्याचे संकट, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. कोल्हापूर समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे १०० किलोमीटर आत असून मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. तेव्हा या शहराने, त्यातही राजारामपुरीसारख्या उंच भागाने, चक्रीवादळाचा विचार करण्याचे कारण काय? प्रस्तुत लेखकाच्या मते कारण आहे. चक्रीवादळ अंतर्भागात पोहोचते तेव्हा त्याचे रूप पालटलेले असते. अवेळी कोसळणारा पाऊस, खंडित झालेली वीज आणि बंद पडलेले रस्ते या रूपांत ते येते. आणि शहराची तयारी ज्या महिन्यांसाठी केलेली असते त्या महिन्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे येते. बंधाऱ्यावरच्या फूटपट्टीवर ते वाचता येत नाही.

टंचाईतून घडलेली जलनीती

कोल्हापूरचा पाण्याशी असलेला संबंध मूळचा पुराच्या भीतीचा नाही. जुनी वस्ती ब्रह्मपुरीच्या टेकाडावर, नदीच्या अगदी काठाला पण उंचावर होती. (या टेकाडावर ग्रीकांच्या समुद्रदेवतेची, पोसायडनची, लहानशी कांस्यमूर्ती सापडली हे सर्वश्रुत आहे. समुद्र कोल्हापूरला कधीच सर्वस्वी परका नव्हता. घाटवाटांनी त्याचा माल येथवर येतच होता.) पुढे वस्ती अंबाबाईच्या देवळाभोवती वाढली आणि तिच्यासोबत तळी वाढली. रंकाळा, कोटितीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, पद्माळे, खंबाळे, रावणेश्वर अशी ही नावे. पावसाचे पाणी थोपवून धरण्याची ही भांडी होती.

राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत संस्थानाला १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांना तोंड द्यावे लागले. संस्थानाचे पाटबंधारेविषयक धोरण या अनुभवातून आकाराला आले, आणि भोगावती नदीवरील राधानगरी धरण हे त्याचे सर्वांत मोठे फळ होय. काम महाराजांच्या हयातीत सुरू झाले, रेंगाळले आणि स्वातंत्र्योत्तर काळात पूर्णत्वास गेले. ८.३६ अब्ज घनफूट क्षमतेच्या या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी विशिष्ट उंचीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. नदीवर फळ्या घालून पाणी अडवण्याची जी पद्धत संस्थानात रुळली ती पुढे राज्यभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' म्हणून ओळखली गेली. आज पुराची उंची ज्या ठिकाणी मोजतात तो राजाराम बंधारा मुळात पाणी साठवण्यासाठी बांधलेला आहे, ही गोष्ट विसरता कामा नये. टंचाईसाठी उभारलेल्या बांधकामावर आपण अतिवृष्टीचे मोजमाप करीत आलो आहोत.

शहराचा विस्तारही याच काळातला. शाहूपुरी ही व्यापारी पेठ १८९५ मध्ये वसवली गेली. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत (१९२२ ते १९४०) त्यांच्याच नावाने राजारामपुरीची आखणी झाली. सरळ मुख्य रस्ता आणि त्याला येऊन मिळणाऱ्या, नावाऐवजी क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या समांतर गल्ल्या ही तिची ओळख आजही कायम आहे. जुन्या पेठांच्या वळणावळणाच्या बोळांपुढे ही वसाहत मोकळी, हवेशीर आणि मुख्य म्हणजे उंच होती. शाहूपुरी जयंती नाल्याच्या सखल भागाला लागून राहिली, राजारामपुरी टाकाळ्याच्या उताराकडे चढत गेली. उंचीचा हा फरक कित्येक दशके केवळ हवापाण्याचा वाटला. १९८९ च्या आणि विशेषतः २००५ च्या महापुरानंतर तो सुरक्षिततेचा फरक म्हणून लोकांच्या नजरेत भरला.

दरम्यान शहरातील अनेक तळी बुजवली गेली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी मंडई. गांधी मैदानात जोराच्या पावसानंतर पाणी साचल्याच्या बातम्या वारंवार येतात तेव्हा त्यांत आश्चर्य वाटण्याजोगे काही नसते. पाणी आपल्या जुन्या घरी परतलेले असते, इतकेच.

इशाऱ्याची व्यवस्था कोणासाठी?

चक्रीवादळाला इंग्रजीत रूढ असलेला 'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या तेथील अभ्यासकाने एकोणिसाव्या शतकाच्या चाळिशीत तो प्रचारात आणला. त्याचे वाचक दर्यावर्दी होते. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला भीषण वादळाचा तडाखा बसला, त्यानंतर बंदरासाठी इशाऱ्याची पद्धत सुरू झाली. या वादळाच्या आणि पाठोपाठ आलेल्या अवर्षणांच्या अनुभवातून १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली. पश्चिम किनाऱ्यावर नोव्हेंबर १८८८ मध्ये 'वैतरणा' ही आगबोट कच्छमधील मांडवीहून मुंबईकडे निघाली असता सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात सापडून शेकडो उतारूंसह नाहीशी झाली. विजेच्या दिव्यांमुळे 'विजळी' या नावाने ती लोकांना माहीत होती. नोव्हेंबर १९४८ मध्ये मुंबईला चक्रीवादळाने झोडपले, तेव्हा कोल्हापूर हे अजून संस्थान होते. मुंबई राज्यात त्याचे विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले.

हा इतिहास थोडक्यात सांगण्याचे प्रयोजन एवढेच की, वादळाच्या इशाऱ्याची आपली सारी व्यवस्था बंदरासाठी, गलबतासाठी आणि कोळ्यासाठी जन्माला आली. बावटा बंदरावर चढे. ज्या गावाला बंदर नाही त्या गावाला बावटाही नव्हता. पुढच्या काळात तंत्र बदलले, उपग्रह आले, २००४ पासून उत्तर हिंदी महासागरातील वादळांना नावे देण्याची प्रथा सुरू झाली. तरीही विचाराची दिशा किनारपट्टीचीच राहिली. चक्रीवादळाचा धोका कमी करण्यासाठी आखलेल्या राष्ट्रीय प्रकल्पात महाराष्ट्रातील सागरी जिल्ह्यांचा विचार झाला, आणि ते योग्यही होते. घाटमाथ्यावरील जिल्ह्यांना मात्र वादळ ही शेजाऱ्याच्या घरची गोष्ट वाटत राहिली.

शास्त्र काय सांगते ते पाहू. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंश सेल्सिअसच्या वर असले की तेथील बाष्प वादळाला इंधन पुरवते. जमिनीवर आल्यावर हा पुरवठा तुटतो, डोंगर-झाडांचे घर्षण वाढते आणि वाऱ्याचा वेग काही तासांत उतरतो. हवामान विभागाच्या वर्गीकरणात वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ म्हणतात. त्याखालच्या पायऱ्या म्हणजे डीप डिप्रेशन आणि डिप्रेशन. येथेच सामान्य वाचकाची फसगत होते. 'वादळ ओसरले, आता फक्त डिप्रेशन उरले' असे वर्तमानपत्रात वाचून तो निश्चिंत होतो. परंतु वर्गीकरण वाऱ्याचे आहे, पावसाचे नाही. वारा पडला तरी वादळाने वाहून आणलेले बाष्प जागच्या जागी राहते आणि ते कोठेतरी रिते व्हावेच लागते. सह्याद्री वाऱ्याला अडवतो हे खरे. पण तोच सह्याद्री बाष्पाला वर ढकलून त्याचे पाणी करतो. भिंत म्हणून ज्याच्यावर आपण विसंबतो, तो पावसाच्या बाबतीत भिंतीच्या उलट वागतो.

दोन समुद्रांच्या मध्ये

कोल्हापूरला दोन्ही समुद्रांची वादळे पोहोचतात, ही बाब फारशी ध्यानात घेतली जात नाही.

अरबी समुद्राची उदाहरणे अलीकडची व परिचित आहेत. नोव्हेंबर २००९ मधील 'फयान'ने कोकणातील मच्छीमारांचे बळी घेतले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मध्ये 'क्यार' आणि 'महा' ही वादळे किनाऱ्यापासून दूर समुद्रातूनच गेली, तरीही अवकाळी पावसाने राज्यभरातील काढणीला आलेली पिके नासवली. महापुरातून नुकत्याच सावरणाऱ्या कोल्हापूर-सांगलीच्या शेतकऱ्याला त्याच वर्षी हा दुसरा फटका होता. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर आले आणि घाट ओलांडून पुणे, नाशिककडे गेले. सह्याद्री ओलांडून वादळ आत येऊ शकते याचा तो ढळढळीत पुरावा होता. त्याचा मार्ग दीड-दोनशे किलोमीटर दक्षिणेला असता तर ते आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटाने कोल्हापुरावर आले असते. उत्तरेला गेले यात कोल्हापूरचे कर्तृत्व काही नाही. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' गोवा आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला समांतर गेले आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातेत धडकले. त्या वेळी कोल्हापूरच्या घाटक्षेत्रासाठीही इशारा होता आणि पश्चिमेकडील तालुक्यांनी वारा-पाऊस अनुभवला. अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आणि त्यांचा टिकाव अलीकडच्या दशकांत वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी नोंदवले आहे. तेव्हा वरील यादी येथेच थांबेल असे मानण्यास आधार नाही.

बंगालच्या उपसागराची कथा अधिक बोलकी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये उपसागरात निर्माण झालेली एक प्रणाली १३ तारखेला आंध्र प्रदेशात काकीनाड्याच्या परिसरात जमिनीवर आली. ती चक्रीवादळ कधीच झाली नाही. तिला नावही मिळाले नाही. तेलंगण व उत्तर कर्नाटक ओलांडून ती दक्षिण मध्य महाराष्ट्रावर आली आणि १४ ऑक्टोबरला सोलापूर, सांगली, पुणे या पट्ट्यात तिने पावसाचा कहर केला. काकीनाड्यापासून सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटरवर असलेल्या पंढरपुरात त्या दिवशी कुंभार घाटाजवळ भिंत कोसळून सहा जणांचा मृत्यू झाला. पुढे ही प्रणाली कोकण ओलांडून थेट अरबी समुद्रात उतरली. बिननावाची, वाऱ्याच्या वर्गीकरणात खालच्या पायरीवरची, दुसऱ्याच समुद्रातून आलेली. आणि तरी पंढरीच्या घाटावर तिने माणसे मारली. वर्षभराने, सप्टेंबर २०२१ मध्ये, 'गुलाब' हे चक्रीवादळ आंध्रच्या उत्तर किनाऱ्यावर आले, त्याच्या अवशेषाने मराठवाड्यात नद्यांना पूर आणले आणि अरबी समुद्रात उतरून 'शाहीन' या नावाने ते पुन्हा उभे राहिले.

कोल्हापूर या दोन्ही वाटांच्या मध्ये आहे. एवढेच नव्हे, तर पंचगंगेच्या पावसाळी महापुरांचाही या समुद्रांशी संबंध आहे. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या पंधरवड्यात कोल्हापूर बुडत असताना वायव्य बंगालच्या उपसागरात डीप डिप्रेशन होते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत, महाबळेश्वरी एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, त्याच भागात कमी दाबाचे क्षेत्र तयार होत होते. अशी क्षेत्रे पश्चिमेकडून येणारा मोसमी प्रवाह जोमाने ओढून घेतात, असे हवामानशास्त्र सांगते. त्यांना चक्रीवादळ म्हणणे चुकीचे होईल. तथापि ती एकाच कुळातील आहेत, आणि कोल्हापूरच्या पुराची चर्चा जेव्हा केवळ अलमट्टीच्या पाणीपातळीपाशी घुटमळते तेव्हा हे कूळ दृष्टीआड होते. अलमट्टीचा प्रश्न महत्त्वाचा नाही असे येथे सुचवावयाचे नाही. मात्र धरण आणि शेजारचे राज्य यांच्याशी भांडता येते, समुद्राशी भांडता येत नाही. चर्चा पहिल्या दोहोंकडे का वळते याचे हेही एक कारण असावे.

नक्षत्रे आणि तयारीचे दिवस

आपल्या शेतकऱ्याचे पावसाचे कोष्टक नक्षत्रांवर बेतलेले आहे. पुनर्वसूचा 'तरणा', पुष्याचा 'म्हातारा', मग आश्लेषा, मघा. कोल्हापूरचे मोठे पूर या कोष्टकात बिनचूक बसतात. १९८९, २००५ आणि २०२१ चे पूर जुलैच्या उत्तरार्धात, म्हणजे पुष्य नक्षत्राच्या आसपास आले. २०१९ चा आश्लेषात. नृसिंहवाडीला पुराचे पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडते तेव्हा भाविक त्या पाण्यात स्नानाचे पुण्य घेतात. पूर हा पंचांगाचा आणि श्रद्धेचा भाग झालेला आहे. तो येणार हे माहीत असते, केव्हा येणार हेही साधारण माहीत असते, आणि देवाची उत्सवमूर्ती वर हलवण्याचा क्रमही पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे.

प्रशासनाची तयारीही याच कोष्टकाला धरून चालते. नालेसफाई मेअखेरपर्यंत, नियंत्रण कक्ष जूनपासून, बोटी आणि लाइफ जॅकेट यांची तपासणी पावसाळ्याच्या तोंडावर. आता वर दिलेल्या वादळांच्या तारखा या कोष्टकात मांडून पाहाव्यात. तौक्ते कृत्तिका नक्षत्रात आले, निसर्ग रोहिणीत, पंढरपूरचा पाऊस चित्रात, फयान विशाखात. एकही तारीख तरण्या-म्हाताऱ्याच्या घरात पडत नाही. मेमध्ये नाले अर्धवट साफ झालेले असतात आणि काढलेला गाळ काठावरच पडून असतो. ऑक्टोबरात पूर ओसरला म्हणून यंत्रणा सैल झालेली असते, धरणे मात्र काठोकाठ भरलेली असतात. राधानगरीसारख्या भरलेल्या धरणावर चित्रा नक्षत्रात दोन दिवस अतिवृष्टी झाली तर स्वयंचलित दरवाजे नक्षत्र पाहणार नाहीत.

मे महिन्याचा अनुभव राजारामपुरीला अगदीच नाही असे नाही. वळवाचा पाऊस हे कोल्हापूरचे घरचे वादळ होय. दुपारपर्यंत घामाच्या धारा, चारच्या सुमारास पश्चिमेला काळोख, मग धुळीचा लोट, आणि अर्ध्या तासात झाडे आडवी, पत्रे उडालेले, फलक लोंबकळत, वीज गेलेली. वळीव स्थानिक असतो. एका पेठेत धुमाकूळ घालतो तेव्हा दुसरीत रस्ते कोरडे असू शकतात. अर्ध्या तासाच्या या वाऱ्याने जे घडते ते सलग आठ-दहा तासांच्या वाऱ्याने, तेही सर्व पेठांत एकाच वेळी घडले तर काय होईल, याचा अदमास वळवावरून बांधता येतो. चक्रीवादळाच्या तयारीसाठी राजारामपुरीला परदेशी नमुन्यांची गरज नाही. दरवर्षीच्या वळवात कोणत्या गल्लीत कोणते झाड पडले, कोणती वाहिनी तुटली, पाणी कोठे तुंबले याची नोंद ठेवली तरी पुष्कळ काम होईल.

उंचवट्याचे परावलंबन

राजारामपुरीच्या सुरक्षिततेचा खरा कस २०१९ च्या महापुरात लागला. नदी राजारामपुरीत आली नाही, परंतु नळाचे पाणी गेले. शिंगणापूर, बालिंगा येथील शहराची उपसा केंद्रे नदीकाठी असल्याने पुराच्या पाण्यात बुडाली. भोवताली पाण्याचा समुद्र आणि उंच भागातील गृहिणी टँकरच्या प्रतीक्षेत घागरी घेऊन उभ्या, हे दृश्य त्या आठवड्यात सार्वत्रिक होते. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला. पेट्रोल, गॅस, भाजीपाला, दूध यांची टंचाई झाली. २०२१ मध्ये याच घटनांची पुनरावृत्ती झाली. म्हणजे उंचीमुळे घर वाचले. घर चालवणाऱ्या वाहिन्या सखल भागातच होत्या.

त्यानंतर एक मोठा बदल झाला. काळम्मावाडी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणण्याची बहुप्रतीक्षित योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. नदीकाठच्या बुडणाऱ्या केंद्रांवरचे अवलंबन त्यामुळे कमी झाले, ही समाधानाची बाब आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. पन्नासहून अधिक किलोमीटर लांबीच्या या वाहिनीत धरणातून पाणी चढवणारे पंप विजेवर चालतात. जुनी व्यवस्था पुराला भीत होती, नवी व्यवस्था वीज खंडित होण्याला भिईल. पुराने वीज जाते तशी ती वाऱ्यानेही जाते, आणि वाऱ्याने जेव्हा जाते तेव्हा एकाच वेळी अनेक ठिकाणी जाते. निसर्गनंतर रायगडातील कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे अंधारात काढावे लागले होते. शहराने पाण्याचा धोका टाळताना स्वतःला वाऱ्याच्या धोक्याच्या थोडे जवळ नेले आहे, आणि या देवघेवीची पुरेशी चर्चा झालेली नाही.

राजारामपुरी आणि तिच्या आसपासच्या भागात रुग्णालयांची दाटी आहे. मे २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत गोव्याला लागणाऱ्या प्राणवायूचा काही हिस्सा कोल्हापूरहून जात होता. त्याच महिन्यात तौक्ते आले. किनाऱ्यावरच्या वादळात घाटमाथ्यावरचे शहर पुरवठादार असते, हे त्या वेळी सर्वांच्या लक्षात आले. कोकणाकडे जाणारे रस्ते मोजके आहेत. आंबा, करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली या घाटांतील दरड किंवा उन्मळलेले झाड दोन्ही बाजूंचा पुरवठा तोडते.

शहराच्या आतही एक असाच घाट आहे. रेल्वेमार्गाखालून राजारामपुरीला स्थानक व शाहूपुरीच्या बाजूशी जोडणारा बाबूभाई परीख पूल जोराच्या पावसात पाण्याने भरतो, हा प्रत्येक कोल्हापूरकराचा अनुभव आहे. त्याला नदीच्या पुराची आवश्यकता नसते. उतारावरून धावत येणारे पावसाचे पाणीच पुरते. पंचगंगा दहा फुटांवर असतानाही तो बंद पडू शकतो. राजाराम बंधाऱ्यावरची फूटपट्टी राजारामपुरीला का उपयोगी नाही याचे याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

तयारीचे स्वरूप

महाराष्ट्रातील आपत्तीविषयक यंत्रणा नेहमी मागच्या संकटाच्या पाठोपाठ वाढत आली आहे. १९६१ च्या पानशेतने धरणांकडे पाहण्याची दृष्टी बदलली, १९६७ च्या कोयना भूकंपाने दख्खनच्या स्थिर भूमीविषयीचा समज बदलला, १९९३ च्या किल्लारीनंतर जिल्हावार आराखडे आले. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर, २००५ मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच वर्षीच्या २६ जुलैने त्याची निकड महाराष्ट्राला वेगळी सांगण्याची गरज ठेवली नव्हती. प्रत्येक आराखडा त्या त्या संकटाचे चित्र समोर ठेवून लिहिला जातो. कोल्हापूरच्या आराखड्यासमोर पुराचे चित्र असणे स्वाभाविक आहे. या चित्रात राजारामपुरीच्या शाळा आणि सभागृहे निवाऱ्याच्या जागा म्हणून शोभतात.

याच निवाऱ्यांपासून आरंभ करणे सोयीचे होईल असे वाटते. पुरात निवारा म्हणजे उंच जागा. वाऱ्यात निवारा म्हणजे मजबूत छप्पर. पत्र्याच्या छताचे सभागृह पुरासाठी उत्तम आणि वादळासाठी घातक ठरू शकते. तेव्हा निवाऱ्यांच्या यादीत छपराचा प्रकार नोंदवला जावा, ही मागणी मोठ्या खर्चाची नाही. मुख्य रस्त्यावरील जाहिरातफलक, गच्चीवरील सुट्या पाण्याच्या टाक्या, सौर तापकाची तावदाने, जुन्या झाडांच्या वीजतारांवर आलेल्या फांद्या यांची पाहणी एप्रिलमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरअखेर व्हावी. रुग्णालयांनी जनित्राच्या इंधनाचा साठा किती दिवस पुरेल हे महामार्ग बंद आहे असे गृहीत धरून मोजावे. नियंत्रण कक्षाने राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याबरोबर हवामान विभागाचा दोन्ही समुद्रांविषयीचा अंदाजही रोज प्रसिद्ध करावा. लोकांना आकडे वाचण्याची सवय आहेच.

जागा बदलून देणे हा अखेरचा उपायही नेहमी पुरेसा ठरत नाही. १९८९ च्या पुरानंतर प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या ग्रामस्थांना सोनतळी येथे उंचावर भूखंड देण्यात आले. पुढे २०१९ आणि २०२१ मध्येही त्यांच्यापैकी अनेकांना जुन्याच घरांतून बोटीने बाहेर काढावे लागले. शेती खाली होती, गोठा खाली होता, देऊळ खाली होते. पूर दरवर्षी येत नाही, दूध मात्र रोज काढावे लागते. राजारामपुरीची स्थिती याच्या नेमकी उलट आहे. येथील माणूस उंचावर राहतो आणि त्याचे पाणी, त्याची वीज, त्याचा रस्ता खालून किंवा दुरून येतो. चिखलीच्या ग्रामस्थाला आपण वर्षानुवर्षे विचारत आलो की धोका ठाऊक असून तुम्ही खाली का राहता. परीख पुलाखाली मेमधल्या पहिल्या वळवाचे पाणी तुंबते त्या दिवशी हा प्रश्न थोडा बदलून राजारामपुरीने स्वतःला विचारावयास हरकत नाही.